कांहीं इंग्रजी अव्यययुक्त क्रियापदें व त्यांचा कालनिर्णय

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत इंग्रजी कागदांचा वाटा मोठा आहे. सुरत व मुंबई येथील वखारींचीं पत्रें, चार्ल्स मॅलेट हा १७८६ त पुण्यास रेसिडेंट म्हणून आला तेव्हांपासूनचा दरबारी पत्रव्यवहार, आणि पुढें कंपनी सरकारच्या कचेऱ्यांतील दप्तर, यांवांचून उत्तर पेशवाईचें प्रकरण पुरें होत नाहीं. या कागदांतील वळणदार अक्षर, तारखांचा जुना-नवा हिशेब, आपल्याकडील नांवांचीं विद्रूप रूपें, यांविषयीं संशोधक सावध असतो. परंतु ज्यांसाठीं कोश उघडण्याची गरजही कोणास भासत नाहीं असे दोन-तीन अक्षरांचे शब्द त्यांत पदोपदीं येतात, आणि खरा दगा तेथेंच असतो. 'आउट' व 'ऑफ' हीं तीं अव्ययें होत.

एक कल्पित वाक्य घेऊं. एखाद्या पत्रांत 'फाइव्ह हंड्रेड वेअर स्ट्रक ऑफ' एवढेंच लिहिलेलें आहे असें समजा. संदर्भ पलटणीच्या हजेरीपटाचा असेल तर पांचशें नांवें पटावरून कमी केलीं असा अर्थ होतो. संदर्भ छापखान्याचा असेल तर पांचशें प्रती छापून काढल्या असा होतो. पहिल्या अर्थानें पांचशें माणसें गेलीं, दुसऱ्या अर्थानें पांचशें कागद आले. 'टर्न आउट' याचीही तीच गत. त्याचा जुना अर्थ हांकलून देणें, लष्करी अर्थ पहारा किंवा फौज बाहेर काढून उभी करणें, आणि कारखान्यांच्या युगांत सार्वत्रिक झालेला अर्थ माल तयार करून बाहेर काढणें. 'नॉक ऑफ' याचा सतराव्या शतकांतील अर्थ काम थांबविणें. काम भराभर उरकून टाकणें हा अर्थ एकोणिसाव्या शतकांतला. म्हणजे एकच शब्द एका काळीं काम बंद झाल्याचें सांगतो व दुसऱ्या काळीं तें झपाट्यानें झाल्याचें सांगतो. आजच्या इंग्रजीच्या संवयीनें जुना कागद वाचणाऱ्यास हा भेद डोळ्यांस दिसत नाहीं, कारण अक्षरें तींच असतात.

अशा क्रियापदांपैकीं जीं 'पुष्कळ' आणि 'झटपट' निर्माण करण्याचा अर्थ दाखवितात त्यांपुरताच प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हा अर्थ यांपैकीं बहुतेकांस जन्मतः नव्हता. तो एकेका हत्यारामुळें किंवा यंत्रामुळें त्यांस मागाहून चिकटला. तें हत्यार ओळखलें म्हणजे अर्थाचा काळ ठरविण्यास एक आधार मिळतो, आणि काळ ठरला म्हणजे कागदांतील संख्येचा खरा अर्थ लागतो.

इंग्रजांस स्वतःला या शब्दांची अडचण फार पूर्वीं जाणवली होती. सॅम्युएल जॉन्सन यानें १७५५ त प्रसिद्ध केलेल्या कोशाच्या प्रस्तावनेंत, क्रियापदापुढें अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत आपल्या भाषेंत बहुधा इतर भाषांहून अधिक आहे व परकीयांस तीच सर्वांत जड जाते, असें स्पष्ट म्हटलें आहे. तरीही या जातीस सर्वमान्य नांव मिळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअर्सल स्मिथ यानें १९२५ च्या आपल्या ग्रंथांत रूढ केली, व ती ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविली असें त्यानेंच नमूद केलें आहे. आम्ही येथें 'अव्यययुक्त क्रियापद' असा शब्द योजिला आहे.

मराठी वाचकास या अव्ययांचें मर्म कळण्यास आपल्याच भाषेंतील एक जोडी पुरेशी आहे. 'लिहून काढणें' आणि 'लिहून टाकणें' यांत लिहिणें एकच. परंतु 'काढणें' म्हटलें कीं आरंभापासून अखेरपर्यंत, कांहीं न गाळतां, असा भाव येतो, आणि 'टाकणें' म्हटलें कीं एकदाचें हातावेगळें केलें असा येतो. इंग्रजी 'आउट' हें पुष्कळसें आपल्या 'काढणें' प्रमाणें वागतें व 'ऑफ' हें 'टाकणें' प्रमाणें. 'राइट आउट', 'कॉपी आउट' हीं जुन्या कचेरींतलीं नित्याचीं क्रियापदें होत. त्यांत वेगाचा किंवा संख्येचा लेशही नाहीं. मसुद्यावरून पूर्ण व स्वच्छ नक्कल उतरविणें एवढाच अर्थ. कंपनीच्या वखारींतून विलायतेस जाणाऱ्या महत्त्वाच्या पत्रांच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनीं रवाना होत, कारण एखादें तारूं बुडालें किंवा शत्रूच्या हातीं लागलें तरी मजकूर पोहोंचावा. त्या प्रती हातानें 'राइट आउट' केलेल्या असत. तेथें 'आउट' पाहून छापील किंवा यांत्रिक प्रत कल्पिणें चुकीचें होईल.

छापण्यापूर्वींच्या काळांत घाईनें नकला करण्याबद्दल तक्रार नव्हती असें मात्र नाहीं. चौदाव्या शतकांतील कवि चॉसर याच्या नांवावर एक लहानसें पद्य आहे. त्यांत तो आपल्या ॲडम नांवाच्या लेखकास खडसावतो कीं, तुझ्या हयगयीमुळें व घाईमुळें मला तुझें लिहिणें पुन्हां पुन्हां खरवडून सुधारावें लागतें. आपल्याकडील पोथ्यांच्या शेवटीं लेखक पाठ, कंबर व मान यांच्या कष्टांचा पाढा वाचतो आणि जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष माझा मानूं नये, अशी विनवणी करतो. ती बाजू लेखकाची, आणि चॉसरची बाजू ग्रंथकाराची. दोन्ही एकत्र ठेवून वाचण्याजोग्या आहेत.

विल्यम कॅक्स्टन यानें इंग्रजी भाषेंतला पहिला छापील ग्रंथ १४७३-७४ च्या सुमारास इंग्लंडबाहेर, फ्लँडर्स प्रांतांत, छापला. ट्रॉय नगरीच्या कथांचें तें भाषांतर त्यानें स्वतःच केलें होतें. ग्रंथाच्या अखेरीस तो लिहितो कीं, लिहितां लिहितां माझी लेखणी झिजली, हात शिणला व थरथरूं लागला, आणि पांढऱ्या कागदाकडे पाहून डोळे मंदावले. शिवाय पुष्कळांस प्रती देण्याचें वचन दिलेलें, म्हणून मीं मोठ्या खर्चानें छापण्याची विद्या शिकलों, जेणेंकरून सर्वांस ग्रंथ एकदमच मिळावा. सर्व प्रती एकाच दिवशीं सुरू होऊन एकाच दिवशीं संपल्या असेंही तो सांगतो. या विधानाचा अर्थ काय याविषयीं पंडितांनीं बराच खल केला आहे, पण लेखकाचा विस्मय त्यांत उघड दिसतो. पुष्कळ व एकदम या दोन कल्पना इंग्रजी गद्यांत येथें जोडीनें येतात. परंतु त्यांसाठीं खास क्रियापद त्याजपाशीं नाहीं. त्यास चार वाक्यें खर्चावीं लागतात. १४७६ त त्यानें वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला, आणि त्यानंतर दोनशें वर्षांत त्या धंद्यानें आपलीं क्रियापदें तयार केलीं.

तीं कोणतीं हें जोसेफ मॉक्सन याच्या १६८३-८४ च्या मुद्रणकलेवरील ग्रंथावरून कळतें. लांकडी दाबयंत्रावर दोन माणसें काम करीत. एक खिळ्यांस शाई लावी, दुसरा कागद घालून दांडा ओढी. दांडा ओढणें म्हणजे 'पुल'; म्हणून मुद्रित 'ओढलें' जातें, आणि आजही इंग्रज छापखानेवाला प्रूफ 'ओढतो'. कागद दाबून झाला कीं तो खिळ्यांवरून अलग उचलावयाचा. 'ऑफ' तें येथें. 'वर्क ऑफ', 'प्रिंट ऑफ', आणि अठराव्या शतकांत रुळलेलें 'स्ट्राइक ऑफ' या सर्वांत एकेक ताव खिळ्यांवरून किंवा तांब्याच्या पत्र्यावरून सुटून येण्याची क्रिया आहे. ज्या वस्तूवरून छाप सुटते ती जागच्या जागीं राहते व छाप मोजली जाते. म्हणून 'ऑफ' च्या मागेंपुढें बहुधा आंकडा असतो. संग्राहकांनीं ही खूण ध्यानांत ठेवावी. खोदीव चित्रांच्या व नकाशांच्या बाबतींत अमुक प्रती 'स्ट्रक ऑफ' असें लिहिलेलें असेल तर तो आंकडा छापलेल्या तावांचा असतो. विकलेल्या किंवा बांधून पुऱ्या झालेल्या प्रतींचा तो असेलच असें नाहीं.

वेगाचें माप काय होतें? २५० तावांच्या एका गड्डीस 'टोकन' म्हणत, व ती एका तासाचें काम मानली जाई. प्रत्यक्षांत हें नेहमीं साधत नसेल, पण मजुरी याच हिशेबानें चाले. या दाबयंत्रावरील कामगारांस छापखान्याच्या बोलींत 'घोडे' म्हणत असें मॉक्सन सांगतो. पुढें पोटासाठीं हुकमी लिहिणाऱ्या ग्रंथकारांसही इंग्रजींत भाड्याच्या घोड्याचेंच नांव पडलें, 'हॅक'. लेखक व मुद्रक दोघेही घोडेच ठरले. लगाम ग्रंथविक्या व्यापाऱ्याच्या हातीं.

संख्येवर बंधनही होतें. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीनें १५८७ त असा नियम केला कीं, एकदां जुळविलेल्या खिळ्यांवरून सामान्यतः १,२५० अथवा १,५०० हून अधिक प्रती छापूं नयेत. कांहीं प्रकारचीं पुस्तकें यांतून वगळलीं होतीं. जुळाऱ्यांस पुन्हां काम मिळावें हा त्यांतील हेतु. म्हणजे यंत्राची शक्ति वाढण्यापूर्वींच 'पुष्कळ' या शब्दाची धास्ती धंद्यांत शिरली होती. जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या हजारों प्रती सहज निघाल्या असतील असें गृहीत धरणाऱ्यानें हा आंकडा पाहावा.

आतां 'ऑफ' चें दुसरें कुळ पाहूं. हें छापखान्यांतलें नसून लेखणीचें आहे. 'डॅश' म्हणजे फटकारा, लेखणीची एक सपाट्याची रेघ. 'डॅश ऑफ' म्हणजे एका फटकाऱ्यांत लिहून टाकणें. 'टॉस ऑफ' हें पेल्यावरून आलें. पेला एका घोटांत रिता करणें हा त्याचा सोळाव्या शतकापासूनचा अर्थ, आणि लेख हातासरशीं लिहिणें हा मागाहून आलेला. 'रील ऑफ' हें सुताचें किंवा रेशमाचें. कोशावरून तंतु फाळक्यावर उलगडत जावा तशीं वाक्यें किंवा नांवें न अडखळतां म्हणत जाणें. या सर्वांत एक सहजता आहे. श्रम दिसत नाहींत, किंवा दिसूं दिले जात नाहींत. म्हणूनच या कुळाचे शब्द अनेकदां कौतुकानें वापरलेले आढळतात. आपल्या 'एकटांकी' या शब्दाशीं त्यांचें फार जवळचें साम्य आहे. एकदां टांक हातीं घेतला तो लेख संपल्यावरच खालीं ठेवला, याबद्दल आपण लेखकाची पाठ थोपटतों; त्यास दूषण देत नाहीं.

सुताची गोष्ट निघालीच आहे तर 'स्पिन आउट' विषयीं एक शब्द सांगून पुढें जाऊं, कारण तें या मालिकेंत घुसडलें जाण्याचा संभव आहे. सूत कांतून लांबवावें तसा मजकूर लांबविणें हा त्याचा अर्थ. तें वेगाच्या उलट आहे. आपण त्यासच चऱ्हाट वळणें म्हणतों.

सॅम्युएल जॉन्सन यानें 'रासेलस' ही कथा जानेवारी १७५९ त एका आठवड्याच्या सायंकाळीं लिहिली, आईच्या अंत्यविधीचा खर्च भागवावा म्हणून; जसजसे कागद लिहून होत तसतसे ते छापावयास जात, असें बॉस्वेल सांगतो. त्याच जॉन्सननें कोशांत ग्रब स्ट्रीट या लंडनमधील गल्लीची व्याख्या देतांना क्षुद्र इतिहास, कोश व तात्कालिक काव्यें लिहिणारांची वसती अशी केली आहे. कोशकारांसही त्यांत गोंवल्यामुळें ती चपराक आपल्या गालावरही आहे. ही गल्ली १८३० त मिल्टन स्ट्रीट झाली; बदनामी मात्र जुन्या नांवाशींच राहिली. अठराव्या शतकांत भराभर लिहिणें हें दारिद्र्याचें लक्षण होतें; लेखक यंत्र आहे असा आरोप अद्याप निघाला नव्हता, कारण लेखणीच्या पुढें धांवणारें यंत्रच नव्हतें.

१८१४ सालीं तें आलें. त्या वर्षाच्या जून महिन्यांत एडिंबरो शहरांत एका घरीं कांहीं तरुण मेजवानीस जमले होते. समोरच्या घराच्या खिडकींत एक हात लिहितांना दिसत होता. माणूस दिसत नव्हता. पान संपे, हात तें ढिगावर टाकी, पुन्हां लिहूं लागे. दिवे आले तरी तो थांबला नाहीं. यजमानास त्या दृश्याचा त्रास होऊं लागला. तो हात वॉल्टर स्कॉट याचा होता. 'वेव्हर्ली' कादंबरीचे शेवटचे दोन भाग तो त्या वेळीं लिहीत होता, व ते त्यानें तीन आठवड्यांत संपविले. ही हकीकत त्याचा जांवई व चरित्रकार लॉकहार्ट यानें दिली आहे. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबर रोजीं 'टाइम्स' पत्राचा अंक प्रथमच फ्रेडरिक केनिग याच्या वाफेच्या यंत्रावर छापून निघाला. कामगार दंगा करतील या भीतीनें यंत्र गुप्तपणें बसविलें होतें. तासास ११०० ताव निघाले असें त्याच अंकांत जाहीर झालें. टोकनचे २५० कोठें आणि हे ११०० कोठें!

या साली इंग्रजी भाषेनें रात्रींत कूस पालटली असें कोणी समजूं नये. परंतु यानंतरच्या शतकांत 'आउट' चें जें नवें कुळ पसरलें त्याचें बीज अशा यंत्रांत आहे. आतां कागद एकेक करून 'वरून' उचलला जात नाहीं. तो एका तोंडांतून 'बाहेर' पडत राहतो. बाहेर पडणारा माल मोजावयाचा तर कारखान्याचा मोजावा लागतो, माणसाचा नव्हे. 'टर्न' या धातूचें मूळ लॅटिन 'तोर्नारे', म्हणजे कांताऱ्याच्या फिरत्या यंत्रावर वस्तु घडविणें, हें आहे. होरेस कवीनें वाईट कांतलेल्या ओळी पुन्हां ऐरणीवर घालाव्या असें सांगतांना कांतारी व लोहार या दोघांसही कवितेच्या दारीं आणून उभें केलें होतें. त्या जुन्या उपमेंत कसब होतें. 'टर्न आउट' मध्यें कसब मागें पडून गणती पुढें आली. 'ग्राइंड आउट' मध्यें जांतें आहे, 'पोअर आउट' मध्यें पात्र आहे. 'क्रँक आउट' मध्यें यंत्राचा वांकडा दांडा आहे, आणि 'चर्न आउट' मध्यें लोणी काढण्याचें यंत्र. शेवटचीं दोन या अर्थानें प्राधान्येंकरून विसाव्या शतकांतलीं होत. अठराव्या शतकाची तारीख असलेल्या एखाद्या इंग्रजी पत्रांत तीं ग्रंथरचनेस लावलेलीं आढळलीं तर वाचकानें कागदाचा जलचिन्हासकट पुन्हां एकदां तपास करावा.

स्कॉटच्या हाताकडे पाहून लोक थक्क झाले. १८२६ त मुद्रक व प्रकाशक यांच्या दिवाळ्यांत सांपडून लाखाहून अधिक पौंडांचें कर्ज अंगावर आलें, तें फेडण्यासाठीं तो १८३२ त मरेपर्यंत लिहीत राहिला, आणि त्या लिहिण्यास लोकांनीं मर्दुमकी म्हटलें. अँथनी ट्रोलोप याच्या वांट्यास उलट आलें. त्याचें आत्मचरित्र मरणानंतर १८८३ त प्रसिद्ध झालें. पहांटे साडेपांच वाजतां लिहावयास बसणें, समोर घड्याळ ठेवणें, दर पाव तासास २५० शब्द झालेच पाहिजेत असा स्वतःस दंडक, आणि शेवटीं कोणत्या पुस्तकाचे किती पैसे आले याची यादी, एकूण सुमारें ६९ हजार पौंड! कादंबरीकारानें चांभाराप्रमाणें नियमित कामास बसावें असें तो उघड म्हणतो. त्याच्या सत्तेचाळीस कादंबऱ्या वाचून ज्यांनीं आनंद घेतला होता त्यांपैकीं अनेकांस ही यादी पाहून तोच आनंद परत घ्यावासा वाटला. त्याची कीर्ति कांहीं काळ ओसरली याचें कारण म्हणून हें आत्मचरित्र नेहमीं दाखविलें जातें. आमच्या मतें स्कॉट व ट्रोलोप यांच्या वेगांत मोठा फरक नव्हता. फरक मधल्या काळांत झाला होता. स्कॉटचा हात खिडकींत दिसला तेव्हां तो हातच होता. ट्रोलोपनें हातापुढें घड्याळ ठेवलें, आणि घड्याळ कारखान्याचें चिन्ह होऊन बसलें होतें. 'ऑफ' चें कौतुक व 'आउट' ची हेटाळणी यांच्या मधली रेषा आम्हांस येथें कोठें तरी दिसते. नियम निरपवाद नाहीं. 'नॉक ऑफ' मध्यें हेटाळणी आहे आणि 'ब्रिंग आउट' मध्यें ती मुळींच नाहीं. तथापि शेंकड्यांनीं उदाहरणें चाळल्यास कल हाच दिसेल.

मराठींतही ही रेषा आहे, व तीही हत्यारावरूनच पडली आहे. 'एकटांकी' लेखणीचा शब्द म्हणून स्तुतीचा. 'पाडणें' टांकसाळेचा शब्द. नाणीं पाडतात, आणि कोणी कविता 'पाडतो' म्हटलें कीं त्या कवीची गच्छंति झाली. जिलब्या पाडणें त्याच वळणाचें. 'गुऱ्हाळ' चरकावरून आलें. परंतु एके ठिकाणीं दोन्ही भाषा फारकत घेतात व तेथें भाषांतरकारानें जपलें पाहिजे. इंग्रजी 'चर्न' चा शब्दशः अर्थ घुसळणें. आपल्या मनांत घुसळण्याबरोबर समुद्रमंथन येतें, चौदा रत्नें येतात, नवनीत येतें. 'विचारमंथन' हा शब्द आपण आदरानें वापरतों. इंग्रजी 'चर्न आउट' मध्यें तोच तो दांडा हलवून तोच तो गोळा काढण्याचा कंटाळा तेवढा आहे. एखाद्या ग्रंथकारानें वर्षास चार ग्रंथ 'चर्न आउट' केले या वाक्याचें 'मंथन करून चार ग्रंथ काढले' असें भाषांतर केल्यास निंदेची स्तुति होईल.

'पुट आउट' या क्रियापदाचा उल्लेख मुद्दाम शेवटाकडे ठेविला आहे, कारण आर्थिक इतिहासांत त्याचा घोटाळा सर्वांत नुकसानकारक आहे. ग्रंथ प्रसिद्ध करणें, दिवा विझविणें, पैसा व्याजीं लावणें, हे अर्थ सर्वांस ठाऊक आहेत. परंतु इंग्लंडांतील कापडाच्या धंद्यांत व्यापाऱ्यानें लोंकर किंवा सूत घरोघरच्या विणकऱ्यांस देऊन काम करवून घ्यावयाचें, या पद्धतीसही हेंच क्रियापद लागतें. तेथें माल 'बाहेर दिला' आहे. तयार होऊन आलेला नाहीं. हिंदुस्थानांत कंपनीनें विणकरांस आगाऊ रकम देण्याची जी पद्धत चालविली, बंगाल्यांत जिला दादनी म्हणत, तिच्याविषयींचे कागद वाचतांना अशा शब्दापुढील आंकडा उत्पादनाचा धरल्यास येणें असलेलें कापड आलेलें ठरेल आणि सालाचा हिशेब मुळांतच फसेल.

शेवटीं नकलांच्या यंत्रांविषयीं, कारण संग्राहकांच्या हातीं यांचेच कागद अधिक येतात. जेम्स वॉट यानें १७८० त नकला करण्याच्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. विशिष्ट शाईनें लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबला म्हणजे अक्षर त्यावर उलटें उठतें व कागद पारदर्शक असल्यामुळें मागील बाजूनें सुलटें वाचतां येतें. एकोणिसाव्या शतकांतील कचेऱ्यांच्या जाड पत्रबुकांतील तीं फिकट पानें हींच. एका पत्रावरून फार थोड्या नकला निघत, म्हणून येथें 'पुष्कळ' चा प्रश्न नाहीं. तो १८७६ त एडिसननें विजेच्या लेखणीचें पेटंट घेतल्यावर, आणि विशेषतः १८८१ त गेस्टेटनर यानें लंडनांत 'सायक्लोस्टाइल' काढल्यावर आला. मेणकागदावर टोंकदार चाकाच्या लेखणीनें लिहावयाचें, त्या छिद्रांतून शाई खालच्या कागदावर उतरवावयाची. पुढें त्यास फिरता दांडा बसला व शेंकडों प्रती 'रन ऑफ' होऊं लागल्या. 'रन ऑफ' याचा पूर्वींचा अर्थ पळून जाणें; यंत्राच्या जवळ तो उरला नाहीं. १९४२ च्या आंदोलनांतील गुप्त पत्रकें बरीचशीं याच रीतीनें निघालीं, व कोणत्याही छापखान्याचें नांव नसलेले ते तपकिरी होत चाललेले कागद आतां दुर्मिळ होत आहेत.

एखाद्या इंग्रजी कागदांतील अशा क्रियापदाचा संशय आल्यास प्रथम त्या काळचाच कोश पाहावा. अठराव्या शतकासाठीं जॉन्सन, आपल्याकडील इंग्रजी कचेरीच्या भाषेसाठीं मोल्सवर्थ व कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश, आणि अर्थांच्या कालक्रमासाठीं ऑक्सफर्डचा मोठा कोश, जो १८८४ पासून १९२८ पर्यंत भागाभागांनीं निघाला. ज्यांच्या संग्रहीं पत्रबुकांचीं पातळ पानें, मेणकागदावरून काढलेलीं पत्रकें, किंवा प्रतींचा आंकडा हातानें टिपून ठेवलेले शिळाछापी नकाशे असतील त्यांनीं त्यांतील मूळ इंग्रजी शब्द, भाषांतर न करितां, तारखेसह उतरून मंडळाकडे पाठवावे.